मानेवरचा भार

1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या दाराशी येऊन अडकला होता. मार्चमध्ये त्याने बंगळुरूची पेठ आणि पाठोपाठ किल्ला घेतला. 15 मेच्या लढाईत टिपूच्या फौजेला मागे रेटले. एवढे होऊनही राजधानीला वेढा घालणे त्याला जमेना. शिपाई होते, दारूगोळा होता, तट पाडणाऱ्या जड तोफा होत्या. पण त्या ओढायला बैल उरले नव्हते. चारा संपलेला, पाऊस लागलेला, त्यात रोगराई. जनावरे हजारोंनी मेली. शेवटी कावेरीकाठी कन्नंबाडीजवळ, म्हणजे आज कृष्णराजसागर धरण आहे त्या भागात, त्याने आपल्याच जड तोफा फोडून निकामी करवल्या आणि बंगळुरूची वाट धरली.

परतीच्या पहिल्याच दिवशी, 26 मेला, समोर घोडदळ दिसले. शत्रू आला असे समजून इंग्रज सावध झाले. प्रत्यक्षात ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य होते, तहाप्रमाणे मदतीला आलेले. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होते. भाव चढे होते, पण उपाशी फौजेला तेवढाच आधार झाला. त्या काळच्या दख्खनी फौजांचा दाणागोटा बहुतेक बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. पाठीवर दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या टाकलेले बैल हजारोंच्या संख्येने फौजेमागून चालत. एक गोणी जड झाली तर बैलाची पाठ एका बाजूने सोलून निघे, म्हणून गोण्या भरतानाच तोल पाहिला जाई.

पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाची गोष्ट सोपी होती. तोफ किंवा गाडी ओढणाऱ्या बैलाची तशी नव्हती. त्याच्या वाट्याला ओढ येई आणि त्याशिवाय मानेवर वरून दाबणारे वजनही येई. हे दुसरे वजन किती असावे, हा प्रश्न बंगळुरूच्या परिसरात दोनशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रूपांत विचारला गेला आहे. चाकात सुधारणा झाली, रस्ते झाले, टायर आले. मानेकडे मात्र दर वेळी सगळ्यांत शेवटी पाहिले गेले.

म्हैसूरच्या राज्यकर्त्यांनी बैलाकडे फार आधी लक्ष दिले होते. 1687 मध्ये शहाजीराजांच्या जहागिरीचे बंगळुरू व्यंकोजीराजांच्या हातून गेले आणि मोगलांमार्फत तीन लाख रुपयांना चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे आले. याच चिक्कदेवराजाच्या काळात राजवाड्याला दूध-लोणी पुरवण्यासाठी गाईंचे सरकारी खिल्लार उभे राहिले. त्याचे नाव ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी. पुढे हैदरअलीने या गाईंच्या खोंडांकडे लष्करी नजरेने पाहिले. टिपूने खात्याला ‘अमृत महाल’ हे नाव दिले, राखीव कुरणे लावून दिली आणि जनावरांची निगा कशी राखायची याचे लेखी हुकूम काढले. हळ्ळीकार, हागलवाडी आणि चित्रदुर्ग अशा वाणांतून तयार झालेला हा बैल अंगाने फार मोठा नव्हता, पण काटक, चपळ आणि लांब पल्ल्याचा होता. लांब शिंगे, निमुळते तोंड आणि घट्ट बांध्याचे खांदे ही त्याची ओळख. महाराष्ट्रातली खिलार जात याच कुळातली मानली जाते.

पेशव्यांचा तोफखाना सोनोरीच्या पानसे घराण्याकडे होता. दिवे घाटावर नजर ठेवणारा मल्हारगड याच घराण्याने बांधला. मराठ्यांच्या जड तोफांना बैलांच्या लांबच लांब रांगा जुंपाव्या लागत. पावसाळी काळ्या जमिनीत त्या तोफा रुतल्या की मुक्काम पडलाच. घोडदळाच्या वेगाला सवकलेल्या फौजेला हा तोफखाना जड जाई. म्हैसूरच्या फौजेला याच बाबतीत वरचढपणा होता. तिचे बैल तोफा घेऊन पायदळाच्या बरोबरीने चालत आणि गरज पडली तर त्याच्याही पुढे जात.

1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर अमृत महाल इंग्रजांच्या दृष्टीने एक मोठी लूट ठरली. इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने 1800 साली बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग केला आणि 1803 मध्ये असईच्या लढाईपर्यंत मजल मारली, ती म्हैसूरच्या बैलांच्या भरवशावर. मधल्या काळात सरकारी खिल्लाराची आबाळ झाली, तेव्हा 1813 मध्ये मद्रास लष्कराच्या कॅप्टन हार्वेकडे ते सोपवून पुन्हा उभे करावे लागले. 1860 मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली खातेच मोडीत काढले आणि चांगले बैल मिळेनासे झाल्यावर 1866 मध्ये पुन्हा सुरू केले. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या अज्जंपुराला या जातीचे संवर्धन केंद्र आजही आहे.

जनावर निवडण्यावर, वाढवण्यावर, विकण्यावर कागदांचे ढीग झाले. त्याच्या मानेवर नेमके काय येते, हे ठाऊक होते गाडीवानाला.

दुचाकी बैलगाडीला तीन ठिकाणी आधार असतो. दोन चाके आणि तिसरा बैलजोडीच्या माना. भार बरोबर आखावर तोलला असेल तर मानेवर जवळजवळ काहीच येत नाही. भार आखाच्या मागे गेला की गाडी उलाळते. दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालच्या सापत्या बैलांचा गळा आवळतात. भार फार पुढे आला तर जू मानेत रुतते. म्हणून भार आखाच्या किंचित पुढे हवा. हा ‘किंचित’ किती, ते आकड्यांत पाहता येते. गाडी आणि माल मिळून 1000 किलो, आखापासून जुवापर्यंतचे अंतर 3 मीटर. गुरुत्वमध्य आखाच्या 10 सेंटीमीटर पुढे असेल तर दोन्ही बैलांच्या मानेवर मिळून 33 किलो येतात. तोच 30 सेंटीमीटर पुढे सरकला तर 100 किलो. एखादे पोते वीतभर इकडेतिकडे झाले तरी फरक बैलाला कळतो.

चढ-उतारावर हा हिशेब आपोआप बदलतो. याच गाडीचा गुरुत्वमध्य आखापासून 60 सेंटीमीटर उंच असेल आणि रस्ता दहास एक असा उतरत असेल, तर मानेवर आणखी 20 किलो येतात. तितक्याच चढावर 20 किलो कमी होतात. म्हणजे सपाटीवर 33 किलोला नीट लागलेली गाडी उताराला 53 वर आणि चढाला 13 वर जाते. कडबा, कापूस, ऊस यांसारखा उंच रचलेला माल असेल तर हा झोका आणखी मोठा होतो.

गाडीवानाने हे कधी कागदावर मांडले नाही. गाडी भरून झाली की तो शिपाई काढतो, म्हणजे दांडीखाली लावलेला लाकडी टेकू, आणि जू दोन्ही हातांनी धरून उचलून पाहतो. जू अलगद वर आले तर मागची दोन पोती पुढे ओढायची. कमरेतून जोर लावावा लागला तर पुढची मागे सारायची. हाताला हवा तेवढाच भार लागला की बैल जुवाखाली घ्यायचे. वाटेत तो स्वतःच सरकते वजन होतो. चढ लागला की पुढे येऊन दांडीच्या बुडाशी बसतो, उतार लागला की मागे सरकतो किंवा खाली उतरून चालतो. बैलाच्या खांद्यावर सूज दिसली की जुनी माणसे आधी गाडी कशी भरली होती ते विचारतात, मग औषध सांगतात. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. ती खांदेमळणी वर्षभर जुवाखाली घासलेल्या त्याच हातभर जागेची असते.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांची नजर मात्र चाकावर होती, आणि त्याला कारणही होते. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला दख्खनच्या बऱ्याच भागात गाड्या थोड्या आणि बोजड होत्या. भरीव चाकांची ती धुडे हलवायला आठ-दहा बैल लागत. बाकीचा माल पाठीवरूनच जाई. 1830 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड याने गाड्यांचा कारखाना चालवला. आऱ्यांची चाके, लोखंडी धाव आणि लोखंडी आख असलेली, एका बैलजोडीने ओढता येईल अशी हलकी गाडी त्यातून प्रचारात आली. पुणे-सोलापूर रस्त्याने तिला वाट दिली. पुढच्या दोन पिढ्यांत गावोगावचे सुतार-लोहार तशी गाडी बांधू लागले आणि बंजाऱ्यांचे तांडे हळूहळू मालवाहतुकीतून बाहेर ढकलले गेले. दहा बैलांचे काम दोन बैल करू लागले, ही प्रगती खरीच होती. त्याबरोबर आधी दहा मानांत वाटली जाणारी ओढ दोन मानांवर आली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

विसाव्या शतकात हवेचे टायर आले. मोटारीसारखी रबरी चाके आणि बॉल बेअरिंग लावलेली गाडी लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा कितीतरी हलकी चालते. ओढ कमी झाली, तसा मालकाने माल वाढवला. बैलाला ओढायला तितकेच श्रम पडले, मानेवर मात्र अधिक वजन आले.

कायद्यातही हीच गंमत दिसते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखाली 1965 मध्ये ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. मोठ्या बैलांच्या जोडीने ओढायच्या दुचाकी गाडीला साधी चाके असतील तर 900 किलो, हवेचे टायर असतील तर 1350 किलो आणि बॉल बेअरिंग असतील तर 1800 किलो, अशी मर्यादा त्यात आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, पारा 37 अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन गाडी जुंपू नये, असेही नियम सांगतात. चाक सुधारले की मर्यादा दुप्पट होते. मान तीच राहते, आणि तिच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.

हा रकाना भरण्याचा गंभीर प्रयत्न बंगळुरूत झाला. 1973 मध्ये शहरात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू झाली. तिचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी त्याआधी मुंबईच्या नीटी या औद्योगिक अभियांत्रिकीच्या संस्थेचे संचालक होते. कारखान्यांच्या व्यवस्थापनासाठी काढलेल्या संस्थेच्या प्रमुखाने बैलगाडी हा विषय हाती घ्यावा, याचे पुष्कळांना हसू आले. रामस्वामींचा मुद्दा साधा होता. देशात सव्वा ते दीड कोटी गाड्या चालतात, त्यांत शेतकऱ्याचे प्रचंड भांडवल अडकले आहे, आणि या अफाट वाहतूक व्यवस्थेकडे एकही अभियंता पाहत नाही. 1979 मध्ये जनावरांची ऊर्जा आणि बैलगाडीचे आधुनिकीकरण यांवरचे त्यांचे पुस्तक संस्थेने प्रसिद्ध केले. जड सांगाडा, धावेने उखडणारे रस्ते, खडखडणारा आख आणि मानेच्या छोट्याशा जागेवर सगळा दाब देणारे जू, असे दोष त्यांनी एकेक करून मांडले. पुढे बंगळुरूतच ‘कार्टमन’ ही संस्था काढून त्यांनी हा विषय अखेरपर्यंत लावून धरला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये 1974 साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला होता. विज्ञान संस्थेने खेड्याकडे पाहावे, असे वारे तिथे वाहत होते. याच संस्थेतल्या एम. आर. राघवन आणि डी. एल. प्रसन्न राव यांनी 1979 मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दुचाकी बैलगाडीवर दोन निबंध लिहिले. पहिल्यात गाडीचे गणित होते आणि दुसऱ्यात गाडीत निर्माण होणारी बले प्रयोगाने मोजली होती. गाडीवान हाताने अजमावत आला ती गोष्ट आता उपकरणाने मोजली जाऊ लागली.

प्रत्यक्ष मोजायचे कारणही तसेच होते. उभ्या गाडीचे गणित शाळकरी मुलगाही करील. चालत्या गाडीत चाक दगडावर चढते, दांडी झटक्याने वर-खाली होते, एक बैल अर्धे पाऊल पुढे टाकतो आणि जू तिरके होते. कागदावर सरासरी ठीक दिसली, तरी खांदा सुजतो तो या झटक्यांनी. दांडी आणि गाडी यांमध्ये लवचिक जोड द्यावी, जुवाला गादी लावून टेकण्याची जागा रुंद करावी, आख थोडा मागे-पुढे सरकवता यावा, अशा सूचना त्या काळात देशभरच्या संशोधकांकडून येत राहिल्या. सुधारित गाड्यांचे नमुने तयार झाले, प्रदर्शनांत मांडले गेले, पण त्यांतल्या फारच थोड्या गाड्या गावांत पोहोचल्या. गावच्या सुताराकडून मिळणाऱ्या गाडीपेक्षा त्या महाग होत्या आणि मोडल्या तर दुरुस्त कोण करणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता.

पुढे किती भार पडावा, हा मूळ प्रश्न अमेरिकेतल्या मोटारवाल्यांसमोर वेगळ्या रूपात येतो. मोटारीमागे ओढायचे फिरते घर म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने दुचाकी गाडीच. जुवाच्या जागी मोटारीची जोडकडी. तिथला रूढ ठोकताळा असा की, घराच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार जोडकडीवर पडावा. बैलगाडीपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे, आणि फरकाचे कारण वेग. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. ताशी शंभराच्या वेगात मागे जड झालेले घर डावी-उजवीकडे डोलू लागते आणि मोटारीलाच फरफटत नेते. म्हणून तिथे भार मुद्दाम पुढे घेतात. तो जास्त झाला की मोटार मागे बसते, पुढची चाके हलकी होतात, वळण आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. त्यावर तोडगा म्हणून भार वाटणारी जोडकडी निघाली. तिच्यातल्या दोन पोलादी लवचिक दांड्या ताणून बसवल्या की मागच्या चाकांवरचा काही भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि घराच्या आखावर जातो. दांड्या निवडताना सामानासकट भरलेल्या घराचा जोडकडीवरचा भार काट्यावर मोजतात. दांड्या मऊ निघाल्या तर उपयोग होत नाही, फार ताठ निघाल्या तर जोडाला हादरे बसतात.

मोटारीला पुढे आणखी दोन चाके असतात, त्यांच्याकडे भार सरकवता येतो. बैलजोडीला ती सोय नाही. तिच्यावरचा भार उचलायचा तर जमिनीवर टेकणारे काहीतरी नवेच लावावे लागते.

हे नेमके महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्यात घडले. हंगामात बीड, अहिल्यानगरकडचे तोडणी मजूर सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडे बेळगावच्या कारखान्यांवर जातात. त्यांच्यातल्या टायरगाडीवाल्यांचे वेगळे ‘टायर सेंटर’ असते. गाडी बहुतेकदा कारखान्याची, बैल मजुराचे. मोबदला टनावर, म्हणून माल 1965 च्या तक्त्याची मर्यादा सहज ओलांडतो. दोन टन ऊस आखापासून मीटरभर उंच तोलला गेला असेल, तर विसात एक अशा साध्या उतारावरही मानेवर आणखी तेहतीस-एक किलो येतात.

2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी अशा गाडीच्या दांडीखाली एक छोटे तिसरे चाक बसवले आणि त्याला ‘सारथी’ असे नाव दिले. समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रे देशभर फिरली. चाकाचे काम सरळ आहे. पुढे पडणारा भार ते जमिनीला देते आणि बैलांकडे मुख्यतः ओढ उरते. शिपायाला चाक लावले, असेही म्हणता येईल. उभी गाडी टेकवणारा जो टेकू प्रत्येक गाडीत होताच, त्याला चालत्या गाडीबरोबर फिरते केले.

त्याच्या अडचणी शेतात कळतात. छोटे चाक डांबरी रस्त्यावर उत्तम चालते. उसाच्या फडातून, सरीवरंब्यावरून आणि ओल्या पाणंदीतून बाहेर पडताना तेच चाक रुतण्याची धास्ती असते. बैलांची उंची सारखी नसते, म्हणून चाकाची उंचीही कमी-जास्त करता यायला हवी. शिवाय गाडी कारखान्याची आणि बैल मजुराचे असल्याने तिसऱ्या चाकाचा खर्च कोणी करायचा, हेही आधी ठरायला हवे.

दरम्यान त्याच रस्त्यांवर ट्रॅक्टर वाढले आहेत. मागे एकामागोमाग दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा ऊस. चढावर भार मागच्या जोडावर आला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि चालकाच्या हातातले स्टिअरिंग निकामी होते. म्हणून ट्रॅक्टरच्या नाकावर ओतीव लोखंडाची वजने बसवायची सोय कंपन्या देतात. ती अपुरी वाटली तर चालक पुढे आणखी काहीबाही वजन बांधतो आणि पहिला चढ लागेपर्यंत तोल जमला की नाही, ते त्याला कळत नाही.